सोयाबीनच्या रानातला खो-खो

शाळेतला खेळाचा तास माझ्याकडे आला तो माझ्या येरझाऱ्यांमुळे. मी शिकवायची मराठी आणि इतिहास. खेळाशी माझा संबंध म्हणाल तर लहानपणी प्रार्थनेच्या रांगेत उभं राहण्यापुरता. पण त्या वर्षी मला एका जागी बसवतच नव्हतं. नवरा जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात. सासूबाईंचं दुखणं असल्यानं त्यालाही ते घर सोडता येत नव्हतं. मी तीर्थपुरीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि तिथून जवळच्या खेड्यातल्या शाळेवर जायची. शनिवारी शाळा सुटली की जालन्याची गाडी पकडायची, सोमवारी पहाटे पुन्हा उलटी. बदलीसाठी अर्ज केलेला होता आणि आदेश आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. मोकळा तास मिळाला की मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. फोन बघायची, पर्समध्ये टाकायची, चार पावलं गेली की पुन्हा काढायची.

मुख्याध्यापक एकदा ऑफिसच्या दारात उभे राहून हे बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाही तरी एवढं चालताच. मग पाचवी ते आठवीचा शारीरिक शिक्षणाचा तास तुम्हीच घ्या ना."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात खरंच माझ्या विषयांखाली तो विषय लिहून आला.

आमच्या शाळेत खेळाचा तास म्हणजे काय, हे मी आधीपासून बघत होते. मुलं बॅट घेऊन मैदानात पळायची. मुली भिंतीच्या सावलीला बसायच्या, कुणी वही पुरी करायची, कुणी दुसरीच्या वेण्या घालायची. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. सावधान, विश्राम, हात वर, हात बाजूला. एवढं मलाही येत होतं. मग म्हटलं, आता मैदानाला एक फेरी मारा. मुलं सुटली. मुली जागच्या हलल्या नाहीत.

"काय झालं?"

"मॅडम, पोट दुखून राह्यलं."

एकीचं पोट, दुसरीचं डोकं, तिसरीचा पाय मुरगळलेला. पुढच्या तासालाही तेच. एवढ्या मुलींची पोटं नेमकी खेळाच्या तासालाच कशी दुखतात, म्हणून मी चिडले. आवाज चढवला. तेव्हा सातवीतली एक मुलगी पुढे आली. तिची आई गावात शिलाईकाम करायची आणि सगळ्या पोरी त्या बाईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. ही पोरगी घरी उर्दू बोलायची आणि शाळेत आमच्यापेक्षा झणझणीत मराठी. तिनं मुलांकडे एकदा बघितलं आणि मला हळूच म्हणाली, "मॅडम, पळलं की स्कर्ट उडतो. मंग ही पोरं महिनाभर चिडवतात."

माझा आवाज खाली आला. मी स्वतः पाचवारी साडीत उभी होते. पळायचं म्हटलं असतं तर मलाही तेवढीच पंचाईत पडली असती.

त्याच संध्याकाळी मी खालांच्या घरी गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या, दोऱ्याचं टोक दातात धरलेलं. मी काय म्हणते ते त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "कपड्याची फिकर करू नका, मॅडम. एक थान कवापासून पडून हाये माझ्याकडं, रंग बराबर शाळेसारखाच. पोरींचं नाप तेवढं पाठवा." मग मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणाल्या, "माझी पोरगी घरात बी नुसती पळती. अंगणात पळती, गल्लीत पळती. एका जागी तंगड्या ठरत न्हाईत तिच्या. शाळेत कामून बसती भिंतीला, मला कळतच नव्हतं."

स्कर्टऐवजी घालायला पँटी शिवून आल्या. त्यावरून थोडी कुरबुर झाली. दोन आया शाळेत येऊन गेल्या, मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. पण लेगिंग्ज तर गावातल्या पोरी एरवीही घालत होत्याच, त्यामुळे वाद फार टिकला नाही. आणि मुली पळायला लागल्या. मीही साडी सोडून पंजाबी ड्रेस घालून यायला लागले. खो-खोचे नियम फोनवर वाचले. आठ जणी ओळीत पाटीवर बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. दमली किंवा अडली की बसलेलीच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. कागदावर सोपं. मैदानावर पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ. दोघी एकदम उठायच्या, एक उलटीच पळायची, कुणी खो द्यायच्या आधीच ढकलायची.

त्यात दोघी वेगळ्या दिसत होत्या. एक खालांची मुलगी, ती वाऱ्यासारखी. दुसरी आठवीतली, शाळा समितीच्या अध्यक्षांची नात. ती फार जोरात पळायची नाही, पण समोरच्या मुलीचा खांदा कुठे झुकतोय ते तिला आधी कळायचं आणि ती अलगद दुसऱ्या बाजूनं निसटायची. पकडणारीच्या हातात नुसती हवा यायची.

दसरा झाला आणि तालुक्याच्या स्पर्धांची तारीख आली. मुख्याध्यापक म्हणाले, आपण मुलींचा संघ कधी पाठवलेलाच नाही. मी म्हटलं, मग आता पाठवू. म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं. स्पर्धेपर्यंत मी या शाळेत असेन की नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

आणि पुढच्या सोमवारी गाडीतून उतरून शाळेत आले तर मैदान दिसेना. कडेला मळणीयंत्र उभं होतं, भुसकटाचा ढीग पडला होता आणि खो-खोच्या खांबांपासून फाटकापर्यंत सोयाबीन वाळत घातलेली. मध्ये एक म्हातारे गृहस्थ अनवाणी पायांनी सोयाबीन पसरवत चालत होते. समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं.

मी तशीच, पर्स खांद्यावर ठेवून, त्यांच्याकडे गेले. "आबा, मुलींची स्पर्धा तोंडावर आलीय. सराव कुठे करायचा?"

त्यांनी पाय थांबवला नाही. "बाई, ही काय आज वाळवून राह्यलो का मी? दरसाली इथंच वाळती. शाळेला जागा माझ्या बापानं दिली. दुसरीकडं सगळं काळं रान, वल धरतं. इथं मुरूम हाये."

"पण स्पर्धा..."

"स्पर्धा दरसाल येती. सोयाबीन बी दरसालच येती. पन भिजलेली सोयाबीन कुनी घेत न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. मुख्याध्यापकांकडे गेले, तर त्यांनी खिडकीबाहेर बघत चहाचा कप फिरवला. "मॅडम, त्यांचं बरोबर नाही, मलाही कळतं. पण चार दिवस दम धरा."

दम धरणं हीच गोष्ट त्या दिवसांत मला जमत नव्हती. व्हरांड्यात सराव घेतला, तर तिसरीच्या वर्गातल्या बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. शाळेपुढच्या रस्त्यावर घेतला, तर एक मोटारसायकल वळणावरून अशी आली की खालांची मुलगी थोडक्यात वाचली. त्यानंतर रस्ताही बंद. मुली पुन्हा भिंतीला टेकून बसल्या, पण आता त्यांचेही पाय स्वस्थ नव्हते. टाचा हलत राहायच्या. अध्यक्षांची नात तर कुणाशी बोलेचना. घरी आजोबांपुढे विषय काढून तिनं बोलणी खाल्ली होती, असं बाकीच्यांनी मला सांगितलं.

गुरुवारी दुपारी खिचडी झाली आणि मी सातवी-आठवीला एकत्र बसवून इतिहास शिकवत होते. वर्गात एकदम अंधारलं. पश्चिमेकडून ढग असा आला की फळ्यावरची अक्षरं दिसेनात. खिडकीतून बघितलं. मैदानावर आबा एकटेच होते. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन परतूरच्या बाजारात गेला होता, मजूर जेवायला गेलेले. आबा लाकडी फळीनं सोयाबीन ओढून ढीग करायला बघत होते, पण वारा त्यांचं धोतर पायात अडकवत होता. ताडपत्रीचं एक टोक धरावं तर दुसरं उडत होतं.

नात उभी राहिली. "मॅडम, आबा..."

मी "जा" म्हटलं की नाही, मला आठवत नाही. दार एक आणि मुली तीसेक, पण वर्ग रिकामा व्हायला वेळ लागला नाही. मीही पळाले. व्हरांड्याच्या पायऱ्या मी त्या दिवशी उतरले नाही, उडी मारली.

खिचडीची धुतलेली ताटं व्हरांड्यात उपडी घातली होती. पोरींनी तीच उचलली. स्वयंपाकाच्या मावशी "अगं माझी ताटं!" म्हणत मागे आल्या आणि मैदान बघून स्वतःच मोठं पातेलं घेऊन परत आल्या. मुलंही धावली. पहिल्यांदा सगळे एकमेकांच्या पायात येत होते. मग खालांची मुलगी ओरडली, "ओळ करा गं! ओळ!" आणि मैदानापासून व्हरांड्यापर्यंत मुलींची ओळ लागली. एकीनं भरलेलं ताट दुसरीला द्यायचं, तिनं तिसरीला. टपोरे थेंब सुरू झाले. कुणीतरी ताट पुढे देताना सवयीनं "खो!" म्हणालं. पुढचीही म्हणाली. मग व्हरांड्यापर्यंत खो, खो, खो असा आवाज पळत गेला आणि त्या पावसात, त्या घाईत, पोरी खदाखदा हसायला लागल्या. मी आणि नात ताडपत्रीच्या दोन टोकांवर बसलो होतो, वारा आम्हाला दोघींना उचलू पाहत होता.

सगळी नाही, पण बरीचशी सोयाबीन वाचली. पाचवीचा वर्ग अर्धा तिनं भरला. आबा पायरीवर बसले होते, छाती वरखाली होत होती, टोपी कुठेतरी उडालेली. नातीनं त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. भिजलेल्या पोरींकडे त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि घराकडे निघून गेले.

मला वाटलं, आता मैदान मिळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात पाय ठेवला, तर सोयाबीन पुन्हा पसरलेली. आणि आदल्या दिवसापेक्षा ऐसपैस, कारण आता ती ओलावली होती. माझं डोकंच फिरलं. वर्गावरही न जाता मी तरातरा त्यांच्याकडे निघाले. काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलेलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "आलात? चला."

"कुठे?"

"चला तर जल्दी."

शाळेच्या मागच्या कुंपणाला एक फट होती, तिच्यातून ते वाकून बाहेर पडले. मी मागोमाग. पलीकडे त्यांचंच रान. सोयाबीन काढलेलं. बांधालगतचा एक तुकडा सोडून बाकी सगळीकडे कापलेल्या पिकाचे सड उभे होते आणि तो तुकडा मात्र एकसारखा सपाट. रात्रीतून कुणी इस्त्री फिरवावी तसा. दोन्ही टोकांना बाभळीचे दोन खांब रोवलेले, साल तासून गुळगुळीत केलेले.

"ट्रॅक्टर फिरवून वरून फळी मारली. पाऊस एका सरीतच थांबला, रान आतून कोरडं व्हतं, म्हनून जमलं. दोन खांब लागतात, असं पोरगी म्हनत होती. बराबर का?"

"बरोबर," मी म्हटलं. जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं.

"अंतर तिनंच दावलं मला कंदिलाच्या... न्हाई, त्या मोबाईलच्या उजेडात. चुकलं असंल तर तिला बोला, मला न्हाई." आणि ते पुन्हा कुंपणातून वाकून सोयाबीनकडे गेले.

त्या रानात सराव करणं म्हणजे वेगळंच दुखणं. काळी माती भुसभुशीत. पाय घोट्यापर्यंत आत जायचा, बूट मातीनं भरायचे. पहिल्याच दिवशी पोरींनी बूट काढून बांधावर ठेवले. पोटऱ्या अशा भरून यायच्या की दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर बसताना सगळ्या "आई गं" म्हणायच्या. नऊजणी पुऱ्या नसल्या की मी खेळायची. मी पहिल्यांदा एका मुलीला पकडलं तेव्हा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बांधावरचे बगळे उडाले. किती वर्षांनी मी पळत होते, की आयुष्यात पहिल्यांदाच, मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ फोनची आठवण व्हायची नाही. तास संपला की पहिला हात पर्सकडे.

आबा संध्याकाळी बांधावर येऊन बसायला लागले. आधी गप्प बसायचे. मग मधूनच, "अगं, खांबापाशी वळ की!" किंवा "ही पोरगी बसली का झोपली?" असं सुरू झालं. एकदा मी दमून त्यांच्यापासून जरा अंतरावर बसले, तर म्हणाले, "बाई, तुमच्या बदलीचं काय झालं?"

गावात कुणापासून काही लपत नाही. "अजून नाही आली."

"येईल," ते म्हणाले. दिलासा देत होते की जाणार म्हणून खट्टू झाले होते, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मलाही, ते "येईल" ऐकून बरं वाटलं की नाही, ते ठरवता आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी गावातल्या टेम्पोतून निघालो. खालांनी सगळ्या पँटींच्या कडेला पिवळी पट्टी लावून दिली होती. मी सगळ्यांना बूट घालायला लावले होते, चारचौघांत बरं दिसावं म्हणून. तालुक्याचं मैदान कडक मुरमाचं, वर बारीक खडी. पहिला सामना सुरू झाला. मऊ मातीत पळायची सवय झालेल्या पोरींना थांबताच येईना. वळायला गेल्या की घसरायच्या. बुटांचे तळ झिजलेले. खालांची मुलगी खांबापाशी अशी आपटली की गुडघा सोलून निघाला. मी बाहेरून ओरडत होते, "सावकाश! सावकाश!" पण खो-खोत सावकाश कुणी कसं पळणार? बाजूच्या शाळेचे सर माझ्याकडे बघून कौतुकानं नव्हे, दयेनं हसले.

डाव संपला तशी खालांची मुलगी लंगडत बाहेर आली. गुडघ्याला हात न लावता तिनं आधी बूट काढून भिरकावले. "मॅडम, अपने रान में जैसे खेलते वैसेच खेलती मैं." बाकीच्यांनी माझ्याकडे परवानगीसाठी बघितलं. मी मान हलवली. त्या आठही जणींनी बूट काढले.

मग मात्र त्या वेगळ्याच झाल्या. अनवाणी पायांना जमीन कळत होती. आणि त्या भुसभुशीत मातीत जड झालेल्या पोटऱ्या कडक जमिनीवर एकदम हलक्या झाल्या होत्या. समोरच्या मुली दमल्या, आमच्या दमेनात. तो सामना आम्ही जिंकलो. पोरींनी मला मिठी मारली तेव्हा माझे पाय जमिनीवरून उचलले गेले होते.

दुसरा सामना मोठ्या निवासी शाळेशी. त्यांचे एकसारखे टी-शर्ट, त्यांचे दोन-दोन सर. आमच्या पोरी एकेक करून बाद होत गेल्या. राहिली आबांची नात. ती खांबाला वळसा घालायची, बसलेल्या दोघींच्या मधून निघायची, पकडणारी पडायची. खो मिळत होते, पाठलाग करणाऱ्या बदलत होत्या, ही एकटीच. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता पडेल, आता पडेल. मी जागच्या जागी उभी राहूच शकत नव्हते. कडेच्या रेषेबाहेरून मीही तिच्याबरोबर इकडून तिकडे पळत होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, "फौल! फौल हाये पंच!"

आवाज ओळखीचा होता. आबा. तीर्थपुरीला सोयाबीनचा भाव बघायला जातो म्हणून घरून निघाले होते आणि इथे तारेला दोन्ही हातांनी धरून उभे होते. फाऊल वगैरे काही नव्हतं. पंचांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. नातीनं मात्र बघितलं, आणि ती हसली. दमलेल्या माणसाला कसं हसू येतं मला माहीत नाही. शिट्टी वाजेपर्यंत ती कुणाला सापडली नाही.

सामना आम्ही हरलो. थोडक्यात हरलो. टेम्पोत सगळ्या रडल्या, रस्त्यात भजी खाल्ली, मग गाणी म्हटली. नात माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "मॅडम, मी तर पुढच्या साली नववीला दुसऱ्या शाळेत जाईन. पन ह्यांच्याबरोबर तुमी असाल ना?"

मी म्हटलं, "बघू." तिला ते उत्तर पटलं नाही. ती बाहेर बघत राहिली.

बदली उन्हाळ्यात आली. आदेश वाचला तेव्हा नवरा समोरच बसला होता, त्यानं टाळी वाजवली. मीही हसले. सामान हलवायला तीर्थपुरीला गेले, तेव्हा शाळा बंद होती आणि पोरी मामाच्या गावांना. खालांनी मला एक पँट शिवून दिली, माझ्या मापाची, पिवळ्या पट्टीची. आबा भेटले नाहीत, लग्नाला गेले होते.

आता माझी शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. पटांगणात सिमेंटचे ठोकळे बसवलेले, लहान मुलं पळाली की मागून कुणीतरी ओरडतं, "पडशील!" सगळं जे हवं होतं ते मिळालं आहे आणि तरी चार वाजले की मला शाळेत गुदमरल्यासारखं होतं.

मागच्या दिवाळीच्या अलीकडे नातीचा फोन आला. नवीन शाळेच्या संघात तिला घेतलं होतं. बोलता बोलता म्हणाली, "आबांनी बांधाजवळचा तुकडा यंदा सगळ्यात आधी काढला. पोरींना जल्दी पायजे म्हणून. मजूर म्हणत होते, तिथली अजून हिरवी हाये, पन ऐकलंच न्हाई." मग फोन आबांनी घेतला.

"बाई, बरं हाये ना?"

"बरं आहे, आबा. तुमच्या संघाचं काय?"

"पोरी चांगल्या हायेत. नवीन बाई बी चांगल्या हायेत. पन त्या पळत न्हाईत, खुर्चीवर बसून सांगतात." मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "एक दिवस येऊन पळून दावा त्यांना."

रविवारच्या सकाळची गाडी किती वाजता आहे, ते मी त्यांना विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.